एक्कावन्नावा आठवडा आणि पहिलं नाव

प्रश्न क्रमांक नऊ मी वाचला आणि मयेकरांनी बायकोकडे पाहिलं.

"तुमचा आठवडा ठरलेला आहे, तो पुढेमागे सरकवता येणार नाही, हे तुम्हाला समजलं आहे का?" असा तो प्रश्न होता. फॉर्म इंग्रजीत होता. समोर मराठी माणसं बसली होती म्हणून मी मराठीत विचारला.

"तेच तर हवंय," स्नेहल मयेकर म्हणाली. "न सरकणारा."

मयेकरांनी पेन उचललं आणि नवव्या चौकोनात आद्याक्षरं केली. शेजारी त्यांची नऊ वर्षांची मुलगी, सई, कंपनीने फुकट दिलेलं आइस्क्रीम खात होती. कप खरवडत ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बट बाबा ऑलवेज लेट वन."

इकडे परदेशात, जुरोंग ईस्टच्या एका मॉलवर आमचं ऑफिस होतं. आम्ही टाइमशेअर विकायचो. खाली सरकत्या जिन्याजवळ आमची मुलं उभी असायची. "दोन मिनिटं द्या, जेवणाचं कूपन घ्या," असं म्हणून ती जोडप्यांना वर आणायची. वर दीड तास समुद्राचे फोटो, मग सही. सही झाली की गिऱ्हाईक माझ्या टेबलावर. माझा हुद्दा व्हेरिफिकेशन ऑफिसर. मी अकरा प्रश्न वाचायचे आणि प्रत्येकापुढे आद्याक्षरं घ्यायची. उद्या कोणी म्हणालं, "आम्हाला हे सांगितलंच नव्हतं," तर कंपनी तो कागद पुढे करणार. मी विकायचं नाही, विकलेलं मोडायचं नाही, आणि मत तर द्यायचंच नाही. मत न देण्याचा पगार मिळतो हे ऐकून माझ्या नवऱ्याला फार गंमत वाटली होती. घरी तसा पगार मी सुरू करावा, अशी त्याची सूचना होती.

टाइमशेअर म्हणजे काय, हे गावाकडच्या माणसाला पटकन कळतं. भावकीत एक विहीर असते आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. तुझी पाळी मंगळवारी, तर मंगळवारीच पाणी घे. मंगळवार चुकला की पाणी दुसऱ्याच्या शेतात. रिसॉर्टच्या एका खोलीच्या वर्षाचे तसेच बावन्न आठवडे पाडतात आणि प्रत्येक आठवडा वेगळ्या माणसाला विकतात. आठवड्यांना नावं नसतात, नंबर असतात. मयेकरांनी घेतला तो एक्कावन्नावा. डिसेंबरचा, शाळेच्या सुट्टीतला. शनिवारी जायचं, पुढच्या शनिवारी निघायचं. आदला मालक देश सोडून गेला म्हणून तो रिकामा झाला होता.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दहापैकी नऊ जणांनी भाड्याने जावं. मन झालं, गेलो. नाही झालं, नाही गेलो. आम्ही हौगांगला राहतो तो फ्लॅटसुद्धा भाड्याचाच. पण हे मत मी त्या टेबलावर कधी काढलं नव्हतं. मी डिपेंडंट पासवर होते. म्हणजे देशात राहायची परवानगी नवऱ्याच्या नोकरीवर आणि काम करायची परवानगी कंपनीने काढलेल्या पत्रावर. त्या पत्रासाठी दरवेळी डेस्मंडची सही लागायची. डेस्मंड आमचा सेल्स मॅनेजर. काचेच्या केबिनमधून तो माझं टेबल बघत बसायचा.

तरी त्या शनिवारी मी फॉर्मवर नसलेला एक प्रश्न विचारला.

"मयेकर, तुमचा रिलीव्हर कोण ठरवतं?"

मयेकर जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. जहाजावरचा माणूस घरी कधी येतो, तर त्याच्या जागी दुसरा चढला की. हा दुसरा म्हणजे रिलीव्हर. करारात लिहिलेलं असतं चार महिने, एक महिना इकडे किंवा तिकडे. तो 'तिकडे' फार लांब असतो. मला हे ठाऊक होतं कारण आधी वर्षभर मी रिझर्वेशनच्या टेबलावर बसले होते. बोटीवरच्या माणसांच्या बायकांचे फोन मी आवाजावरून ओळखायचे. त्या बुकिंग करताना भरभर बोलायच्या आणि रद्द करताना हळू.

"कंपनी ठरवते," मयेकर म्हणाले. "मग त्याचा व्हिसा ठरवतो. मग हवामान. मग पुढचं पोर्ट."

"आणि तुम्ही येत्या आठवड्यात चढताय."

"गुरुवारी."

"म्हणजे कागदावर नोव्हेंबरमध्ये उतरणार."

"कागदावर," ते म्हणाले.

स्नेहलने माझ्याकडे रोखून पाहिलं. "ताई, तुम्ही काय म्हणताय ते मला कळतंय. म्हणून तर विकत घेतोय."

मग तिने सांगितलं ते असं. त्यांच्या घरी सण तारखेला येत नाहीत, बाबा आला की येतात. सईचा वाढदिवस मार्चमधला. एकदा तो जूनमध्ये केला होता. दिवाळीचा फराळ एका वर्षी फेब्रुवारीत झाला. शेजारच्या चिनी आजींना वाटलं, त्यांच्या नव्या वर्षाचा मान ठेवला. चार वेळा त्यांनी भाड्याने रिसॉर्ट बुक केलं आणि चारही वेळा रिलीव्हर आला नाही. शेवटच्या वेळी सईची भरलेली बॅग अकरा दिवस दाराशी उभी होती. ती उघडायची नाही असं पोरीने बजावलं होतं, म्हणून तिचे शाळेचे मोजेसुद्धा नवे आणावे लागले.

"आणि रद्द कोण करतं? मीच करते," स्नेहल म्हणाली. "त्याच्याशिवाय जायचं मनाला बरं वाटत नाही. भाड्याचं रद्द करता येतं, म्हणून मी करते. स्वतःचं असलं की कसं करणार? त्यालाही कंपनीला सांगता येईल, माझी मालकीची सुट्टी आहे म्हणून."

मालकीच्या सुट्टीचा कागद दाखवला म्हणून कुठली शिपिंग कंपनी माणूस उतरवत नाही. हे मयेकरांना माहीत होतं. मान खाली घालून ते पेनचं टोपण लावत-काढत होते. ते सही करत होते ती सुट्टीसाठी नव्हती. बायकोला पाचव्यांदा नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती, एवढंच. मला त्यांचं वाईट वाटलं आणि थोडा रागही आला.

शेवटचा, अकरावा प्रश्न कायद्याने सक्तीचा. "सहीपासून कामकाजाच्या पाच दिवसांत तुम्ही लेखी कळवलंत, तर करार रद्द होतो. कारण द्यावं लागत नाही. समजलं?" मी तो दोनदा वाचला. मत म्हणून मला तेवढंच देता येत होतं. काचेपलीकडून डेस्मंडने मान वर केली.

दोघांनी आद्याक्षरं केली आणि तिघं जेवणाचं कूपन घेऊन गेले.

मंगळवारी सकाळी स्नेहलचा फोन आला. या वेळी ती हळू बोलत होती.

"ताई, समजा प्रशांत डिसेंबरमध्ये नाही आला. तर मी आणि सई जाऊ शकतो ना?"

तीन दिवसांत बाई कुठून कुठे आली होती. शनिवारी तिला नवऱ्याला बांधून ठेवणारा आठवडा हवा होता. आता ती विचारत होती, तो नसला तर आमचं काय? "का नाही, खुशाल जा," असं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण सवयीने मी फाइल काढली.

आमच्या करारात एक कलम होतं. रिसॉर्टवर किल्ली पहिल्या नावाच्या मालकालाच मिळायची, तो स्वतः पासपोर्ट घेऊन हजर असेल तर. तो येणार नसेल, तर बाकीच्यांना पाठवतोय असं त्याच्या सहीचं पत्र एक महिना आधी द्यायचं. दुसरं नाव नुसतं मालकीत असतं, किल्लीत नसतं. मालकांनी आठवडा परस्पर दुसऱ्याला देऊ नये, म्हणून ही तजवीज. आणि रिलीव्हर येत नाही हे बोटीवरच्या माणसाला महिनाभर आधी कळत नाही. चार दिवस आधी कळलं तरी नशीब.

मी फॉर्म पाहिला. अक्षर स्नेहलचं होतं, गोल आणि नीट. पहिलं नाव प्रशांत मयेकर. दुसरं नाव स्नेहल मयेकर.

"पहिलं नाव त्यांचं का लिहिलंत?" मी विचारलं.

"म्हणजे?" तिला प्रश्नच कळला नाही. "नवऱ्याचंच आधी लिहितात ना? शाळेच्या फॉर्मवर, घराच्या करारावर, सगळीकडे तसंच लिहिते मी. हात आपोआप तिकडेच जातो."

वर्षात जेमतेम काही आठवडे जमिनीवर असणारा माणूस, आणि प्रत्येक कागदावर पहिलं नाव त्याचं. शाळेला फोन करायचा झाला की आधी त्याचा नंबर लावत असणार आणि तो नंबर भर समुद्रात बंद असणार. हसावं की रडावं कळेना. पण तिला काय नावं ठेवू? चार वर्षं मी आपल्या माणसांचे फॉर्म तपासत होते. बहुतेकांवर नवरा आधी. कलम मला पाठ होतं. बोटीवरची माणसंही दर महिन्याला समोर यायची. या तीन गोष्टी एकत्र माझ्या डोक्यात कधी आल्या नव्हत्या. माझ्या स्वतःच्या घरातही दिव्याखाली अंधारच होता.

"स्नेहल," मी म्हटलं, "या कागदावर तुम्ही दोघी तिथे गेलात, तर तुम्हाला लॉबीत बसवून ठेवतील."

मग ती म्हणाली, "बॅग घेऊन?"

"बॅग घेऊन."

"मग रद्दच करते," ती म्हणाली. शनिवारी मला हवं होतं तेच. पण त्या वेळी मला ते ऐकवलं नाही.

"रद्द करायचा हक्क तुम्हाला आहेच," मी म्हटलं. "पण नाव बदललं तर? तुमचं आधी, त्यांचं नंतर?"

तिने विचारलं, "असं चालतं?"

चालतं का, हे मलाही बघावं लागणार होतं. मी डेस्मंडच्या केबिनमध्ये गेले. करार रद्द करून त्याच आठवड्याचा नवा करायचा, फक्त नावांचा क्रम उलटा, असं सांगितलं.

"वाय?" त्याने विचारलं. मी सांगितलं.

"वंदना, यू आर व्हेरिफिकेशन. नॉट वेल्फेअर," तो म्हणाला. "पहिलं नाव कमावणाऱ्याचं लागतं."

"मॅन्युअलमध्ये तसं कुठे आहे?" मॅन्युअल मी बरोबर नेलं होतं.

त्याने ते उघडलं नाही. "नवा करार म्हणजे नवे पाच दिवस. कळतंय ना तुला? आत्ता शुक्रवारी त्यांची मुदत संपते. तू त्यांना आणखी एक आठवडा देतेस, घरी बसून विचार करायला. विचार केला की लोक रद्द करतात लाह." वाक्याला 'लाह'चं शेपूट इकडे सगळेच लावतात.

"केलं तर करतील."

"जसं आहे तसं राहू दे. डिसेंबरला बघू."

"डिसेंबरला ती पोरीला घेऊन काउंटरवर उभी असेल," मी म्हटलं. "आणि नववा, दहावा, अकरावा, सगळे प्रश्न मराठीत नीट समजावले, असं खाली माझ्या सहीने लिहिलेलं आहे."

डेस्मंड वाईट माणूस नव्हता. त्याला महिन्याचं टार्गेट होतं आणि प्रत्येक गिऱ्हाईक त्याला त्यातला एक आकडा वाटायचं. मग त्याने मला ईमेल पाठवली, मी समोर उभी असतानाच. नावबदलाची विनंती माझी, विक्री मोडली तर जबाबदारी माझी, आणि याची नोंद माझ्या वार्षिक अहवालात राहील, असं त्यात होतं. परवानगीच्या पत्राचा त्याने उल्लेख केला नाही, कारण गरज नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत मी "ओके" असं उत्तर पाठवलं.

बुधवारी स्नेहल येऊन सही करून गेली. नव्या कागदावर तिचं नाव वर आलं. नाव लिहिताना तिने एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं, चुकत तर नाही ना असं. आता मयेकरांची सही उरली होती आणि ते गुरुवारी सकाळी चढणार होते. बुधवारी दिवसभर ते मेडिकल आणि एजंटच्या ऑफिसात अडकले होते. तेव्हा गुरुवारी कामाच्या आधी मी टॅक्सी करून वेस्ट कोस्ट पिअरला गेले. नांगरलेल्या जहाजांकडे माणसं घेऊन जाणाऱ्या लाँच तिथून सुटतात.

मयेकर सुटकेसवर बसले होते. मला पाहून उठले.

"मॅडम, तुम्ही रद्द करायचा कागद आणलाय का?" त्यांनी विचारलं. "आणला असेल तर सही करतो. मी डिसेंबरला उतरणार नाही, हे मला शनिवारीच माहीत होतं. या जहाजावर रिलीव्हर मिळत नाहीत."

"मग शनिवारी बोलला का नाहीत?"

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "तिचा चेहरा तुम्ही पाहिलात ना," ते म्हणाले.

मी कागद दिला. इंजिनिअर माणूस, त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. दोन्ही नावांवर येऊन थांबले. घरी स्नेहलने सगळं सांगितलं होतं, पण कागदावर पाहणं वेगळं असतं.

"म्हणजे आता मी पाहुणा?" त्यांनी विचारलं.

"छे हो. सहमालक."

ते हसले. चांगलं हसले, पण लगेच थांबले. सुटकेस आडवी करून तिच्यावर त्यांनी सही केली. अकरा चौकोनांत पुन्हा आद्याक्षरं केली. नवव्या प्रश्नाला मी काही विचारलं नाही, त्यांनीच मोठ्याने वाचला. "आठवडा सरकवता येणार नाही. समजलं." मग लाँचवाल्याने हाक मारली आणि ते गेले. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. पुढे मला ऑफिसला उशीर झाला.

पुढचे पाच दिवस डेस्मंड रोज सकाळी विचारायचा, "एनी लेटर?" मी म्हणायचे, "नो लेटर." चौथ्या दिवशी दुपारी स्नेहल स्वतःच दारात उभी राहिली, हातात पांढरं पाकीट. डेस्मंड केबिनमधून उठून बाहेर आला. त्याने पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पाकीट उघडलं. आत स्नेहलचे पासपोर्ट साइझचे दोन फोटो होते. पहिल्या मालकाच्या ओळखपत्रासाठी लागतात ते.

"साडी नेसून काढले," ती म्हणाली. "कार्डावर आयुष्यभर राहणार ना."

डेस्मंड आत गेला. माझं परवानगीचं पत्र त्या वर्षी आलं. अहवालातली नोंदही राहिली.

त्या डिसेंबरला रिलीव्हर आला नाही. स्नेहल आणि सई एक्कावन्नाव्या आठवड्यात शनिवारी फेरीबोटीने बिनतान बेटावरच्या रिसॉर्टला गेल्या. फेरी नांगरलेल्या जहाजांच्या रांगेतून जाते. त्यातलं बाबाचं कुठलं, असं सईने प्रत्येकाकडे बोट दाखवून विचारलं. बाबाचं जहाज तेव्हा तिथून फार लांब होतं. तिथे पोचल्यावर स्नेहलने रिसेप्शनवरूनच मला फोन केला.

"ताई, नाव सांगितलं. पासपोर्ट बघितला. किल्ली दिली." एवढंच बोलली आणि रडू लागली. मागून सई म्हणत होती, "आई, कम लाह, स्विमिंग पूल क्लोज होईल." मी म्हटलं, जा, पूल बंद होईल. फोन ठेवल्यावर माझेही डोळे भरून आले. मत न देण्याची नोकरी करणाऱ्या बाईला हे शोभत नाही, पण आले खरे.

दुसऱ्या वर्षीही त्या दोघीच गेल्या. तिसऱ्या वर्षी मयेकर वेळेवर उतरले आणि तिघं मिळून गेले. परत आल्यावर ते मला भेटायला ऑफिसात आले, हातात खाऊचा डबा. तोवर डेस्मंड दुसऱ्या कंपनीत गेला होता.

"मजा आली का?" मी विचारलं.

"आली. त्या दोघींना तिथलं सगळं माहीत आहे," ते म्हणाले. "नाश्त्याला कुठलं टेबल, गरम पाणी कुठल्या नळाला. मला दोन दिवस काही सापडत नव्हतं." मग म्हणाले, "रिसेप्शनवर कार्ड भरायचं असतं. ते सई भरते, तिचं कामच आहे ते. मी बॅगा घेऊन मागे उभा होतो. त्यात एक रकाना असतो, सोबत पाहुणे किती. तिने लिहिलं, एक."

पिअरवर मी त्यांना सहमालक म्हटलं होतं, आणि कागदोपत्री ते खरंच होतं.

"खोडायला सांगितलं नाहीत?"

"नाही," ते म्हणाले. "बरोबरच होतं." पुढच्या वर्षी त्यांनी जहाज सोडलं आणि पगार कमी असलेली किनाऱ्यावरची नोकरी धरली. त्या कार्डामुळे धरली का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मी आता निवृत्त आहे. ओळखीतले लोक अजून विचारतात, वंदनाताई, सुट्टीसाठी टाइमशेअर घ्यावा की आपलं भाड्यानेच जावं? आता मत द्यायला बंदी नाही. मी सांगते, शक्यतो भाड्याने जा. आणि घ्यायचाच असेल, तर फॉर्मवर पहिलं नाव त्याचं लिहा, जो नक्की जाणार आहे.